आधी रकाना, मग देश? सिंगापूरची नागरिक म्हणून मनातलं थोडं

मीनल_जुरॉंग

सिंगापूरमध्ये प्रत्येकाच्या ओळखपत्रावर त्याचा वंश छापलेला असतो. चिनी, मलय, इंडियन आणि इतर, असे चार मोठे रकाने. माझ्या मुलाचा जन्म इथला, शाळा इथली, सध्या तो इथल्याच सैन्यात आहे. भारताचा पासपोर्ट त्याने आमच्याबरोबरच लहानपणी परत केला. तरी त्याच्या गुलाबी कार्डावर जन्मदेशापुढे ‘सिंगापूर’ आणि वंशापुढे ‘इंडियन’ असं आहे, आणि ते तसंच राहणार. या रकान्याचा मला पूर्वी फार राग यायचा. आता तेवढा येत नाही. का येत नाही, आणि जो थोडा उरलाय तो का उरलाय, हे मांडावं म्हणून हा धागा काढतेय.

ज्यांना इथली पार्श्वभूमी माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. २१ जुलै १९६४ ला पैगंबर जयंतीच्या मिरवणुकीत इथे चिनी-मलय दंगल पेटली. माणसं मेली, संचारबंदी लागली. पुढच्या वर्षी ९ ऑगस्टला सिंगापूर मलेशियापासून वेगळं झालं. एवढंसं बेट, पिण्याचं पाणीसुद्धा शेजारच्या देशातून यायचं, लोकवस्तीत तीन चतुर्थांश चिनी आणि भोवती सगळं मलय जग. चिनी बहुसंख्यांनी ‘हा देश आमचा’ म्हटलं असतं तर आतून अडवणारं कोणी नव्हतं. पण तसं घडलं नाही. राष्ट्रगीत मलय भाषेत ठेवलं. तमिळ बोलणारे मूठभर असूनही ती चारांपैकी एक अधिकृत भाषा झाली. शाळेत मुलं रोज सकाळी म्हणतात ती प्रतिज्ञा १९६६ ची. वंश, भाषा, धर्म न बघता आम्ही एक, असा तिचा आशय. ती लिहिण्यात मोठा वाटा होता एस. राजरत्नम यांचा, जाफनात जन्मलेल्या तमिळ माणसाचा.

म्हणजे सकाळी शाळेत म्हणायचं की वंश बघणार नाही, आणि घर घेताना पहिला प्रश्न वंशाचा. कारण इथली बहुतेक जनता एचडीबी या सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या घरांमध्ये राहते, आणि १९८९ पासून या घरांना वंशनिहाय मर्यादा आहे. एका इमारतीत चिनी कुटुंबं जास्तीत जास्त ८७ टक्के, मलय २५, इंडियन आणि इतर मिळून १५. संपूर्ण वसाहतीसाठी याहून थोडी कमी मर्यादा. मर्यादा भरली की त्या वंशाचं नवीन कुटुंब बाहेरून येऊ शकत नाही. अशा वेळी त्या वंशाच्या गिऱ्हाईकाला घर विकणाराही त्याच वंशाचा असावा लागतो.

याची झळ आम्हाला बसली आहे. पहिलं घर विकायला काढलं तेव्हा आमच्या इमारतीत चिनी मर्यादा भरलेली होती. दलालाने पहिल्याच दिवशी सांगितलं, चिनी गिऱ्हाईक आणू शकत नाही. बाजारातलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईकच बाद. महिनोन्‌महिने घर पडून राहिलं आणि शेवटी शेजारच्या चिनी कुटुंबाने तसंच घर ज्या भावाला विकलं त्याच्यापेक्षा बऱ्याच कमी पैशांत आमचं गेलं. एकीचा हा खर्च अल्पसंख्याकांच्याच खिशातून जातो, हे मला आजही खटकतं. २०२२ पासून अशा अडकलेल्या लोकांची घरं सरकार स्वतः विकत घेऊ शकतं, अशी सोय केली आहे. ती फार उशिरा आली.

तरीही मी या नियमाच्या बाजूने आहे. याचं कारण माझ्या मजल्यावर आहे. डावीकडे मलय आजी, उजवीकडे तेओच्यू चिनी कुटुंब, टोकाला केरळचे ख्रिस्ती. इमारतीखाली मोकळा तळमजला असतो. एका शनिवारी तिथे मलय लग्न असतं, काठ्यांना चमचमत्या कागदाची फुलं लावलेली, कोंपांग नावाच्या डफांचा गजर आणि बिर्याणीची पातेली. पुढच्याच आठवड्यात त्याच जागी चिनी मयत ठेवलेली असते, तीनतीन दिवस, बायका टेबलाशी बसून सोनेरी कागदाच्या घड्या घालतायत, मृताला पोचवण्यासाठी त्या जाळायच्या असतात. तिथून लिफ्टकडे जाताना आपोआप आवाज खाली येतो, मुलाचा चेंडू काखेत जातो. हे मुलांना कोणी शिकवत नाही. दिवाळीत मी दारासमोर रांगोळी काढते ती उजवीकडची मुलगी तिच्या शाळेच्या बुटांनी अलगद ओलांडून जाते. मी पुण्यात ज्या सोसायटीत वाढले तिथे एकही मुसलमान कुटुंब नव्हतं, आणि ते नाही हे आम्हाला कधी जाणवलंही नाही. कुणी नियम केला नव्हता. नियम नसताना माणसं कशी राहतात ते मी पाहिलेलं आहे.

राग जो उरलाय तो भाषेचा. इथे शाळेत इंग्रजीबरोबर ‘मातृभाषा’ सक्तीची आहे. इंडियन मुलांसाठी तमिळ, किंवा नव्वदच्या दशकापासून हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी, उर्दू. मराठी त्यात नाही. माझ्या मुलाने दहा वर्षं हिंदी ही मातृभाषा म्हणून शिकली, परीक्षा दिली, चांगले गुण मिळवले. घरात आम्ही मराठी बोलतो म्हणून तो मराठी बोलतो, वाचायला मात्र अडखळतो. सरकारने रकाना दिला, त्या रकान्यात आम्हाला बसवलं, आणि आत बसल्यावर आमची भाषा दिसेनाशी झाली.

आणि सैन्य. इथे मुलग्यांना अठराव्या वर्षी दोन वर्षं सैन्यसेवा सक्तीची असते. मुलाला सोडायला आम्ही तेकोंग या प्रशिक्षणाच्या बेटावर गेलो. आईवडिलांना बराकी दाखवतात, मग जेवणघरात मुलांबरोबर जेवू घालतात, आणि मुलं शपथ घेतात. त्याच्या खोलीत एक मलय मुलगा, दोन इंग्रजी बोलणारे चिनी, एक घरात फक्त मँडरिन बोलणारा, एक शीख. कवायतीचे हुकूम मलयमध्ये. ‘सेदिया’ म्हटलं की सगळे सावधान. चिनी हवालदार मलयमध्ये ओरडतोय आणि माझा मराठी मुलगा टाच जुळवतोय, हे पाहताना मला पहिल्यांदा वाटलं की हा देश आमचा आहे. पासपोर्ट हातात आला त्या दिवशी तसं वाटलं नव्हतं. प्रशिक्षणाच्या शेवटी २४ किलोमीटरची चाल असते, पाठीवर सगळा बोजा घेऊन. शेवटच्या टप्प्यात त्या मँडरिनवाल्या मुलाच्या पायाला फोड आले होते, त्याची बंदूक माझ्या मुलाने आणि मलय मुलाने आलटून पालटून धरली. हे त्याने फोनवर सहज सांगितलं, विशेष काही घडलंय असं त्याला वाटलंच नव्हतं.

माझ्या नवऱ्याला वयामुळे सैन्यसेवा करावी लागली नाही, बहुतेक नव्या नागरिकांना नाही करावी लागत. जुने सिंगापूरकर आम्हाला ‘नवे’ म्हणतात त्यामागे हे कारण आहे, आणि ते मला न्याय्य वाटतं. संस्कृती वेगळी असूनही राष्ट्र होतं, पण कर्तव्य वेगळं ठेवलं तर होत नाही, असं माझं मत बनलं आहे. तुमचे अनुभव वाचायला आवडतील. फक्त सिंगापूरचे नकोत, दुसरीकडचेही सांगा.

प्रसन्न_कोथरूड

मीनलताई, मनापासून लिहिलं आहे, पण मला पटलं नाही. सरकारने माणसाला वंश विचारायचाच कशाला? आपल्या राज्यघटनेत नागरिकाला वंश विचारलेला नाही. बेळगावचा मराठी, तंजावरचा मराठी, बडोद्याचा मराठी, सगळे आधी भारतीय. ती ओळख कुठल्या रकान्यातून आलेली नाही, इतिहासातून आली आहे. तुम्ही राष्ट्र कर्तव्यातून येतं म्हणता. मग ज्या माणसाला सैन्यात जाता येत नाही, जो अपंग आहे, म्हातारा आहे, तो कमी नागरिक का? आणि एक सांगा, राग मानू नका. आपला पासपोर्ट सोडताना आत काही तुटलं नाही का?

रेवती_के

प्रसन्न, भारतात सरकार काही विचारत नाही हे कसं म्हणता? माझ्या मुलीच्या अकरावीच्या प्रवेशाला जातीचा दाखला आणि नॉन-क्रीमी लेयर, दोन्ही लागले. ते लागू नयेत असं मी म्हणत नाही, मी त्याच्या बाजूने आहे. पण जिथे अन्याय मोजायचा असतो तिथे रकाना लागतो. सिंगापूरनेही तेच केलं आहे, वेगळ्या कारणासाठी.

प्रसन्न_कोथरूड

रेवतीताई, दाखला जो मागतो त्याला लागतो. ओळखपत्रावर सगळ्यांच्या छापत नाहीत. हा फरक लहान नाही.

केतकी_टॅम्पिनीस

मी मीनल मावशींच्या मुलाच्या पिढीची, थोडी मोठी. जन्म इथला. मराठी टाइप करायला वेळ लागतो, पण मला हे मराठीतच लिहायचं आहे.

शाळेत माझी सगळ्यात जवळची मैत्रीण तमिळ होती. तिचं कुटुंब चार पिढ्या इथे. तिच्या पणजोबांनी रस्त्याची कामं केली. आम्ही दोघी ‘इंडियन’, पण ती मातृभाषेच्या तासाला तमिळ वर्गात जायची आणि मी दुसऱ्या शाळेत हिंदीच्या वर्गाला, कारण आमच्या शाळेत हिंदी शिकवत नव्हते. खाण्याच्या स्टॉलवरचे काका माझ्याशी तमिळ बोलायचे, मला उत्तर देता यायचं नाही, त्यांना वाटायचं ही मुलगी शिष्ट आहे. दिवाळीची सरकारी सुट्टी तमिळ पद्धतीने नरक चतुर्दशीला असते. आमच्या घरी लक्ष्मीपूजन दुसऱ्या दिवशी आलं की बाबा कामावरून धावत यायचे. बहुसंख्य समाजात अल्पसंख्य, आणि अल्पसंख्यांत पुन्हा अल्पसंख्य, असं ते होतं.

नोकरी लागल्यावर वेगळं राहायला भाड्याने खोली बघत होते. फोनवर माझ्या बोलण्यावरून त्यांना काही कळलं नाही, मी इथल्या सगळ्यांसारखीच बोलते. नाव सांगितलं तसं घरमालकीण म्हणाली, इंडियन्सना देत नाही, जेवण फार शिजवता. मी नागरिक आहे. माझे वर्गमित्र सैन्यात गेले, त्यांच्या परेडला मी गेले. आणि ती बाई नुकतीच बाहेरून आलेली होती, तिला पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवानासुद्धा मिळालेला नव्हता. त्या रात्री मला जे वाटलं ते अजून विसरता येत नाही.

पण मला कोणी विचारलं तू कोण, तर उत्तर सिंगापूरकर हेच आहे. ९ ऑगस्टला प्रतिज्ञा म्हणताना मूठ छातीवर जाते तेव्हा मनात काही शंका नसते. प्रसन्न काका, माझ्यासाठी काही तुटलंच नाही, कारण माझं तिकडे काही जोडलेलं नव्हतं, आजीआजोबा सोडले तर. हे वाचून तुम्हाला वाईट वाटेल कदाचित. मला मात्र ते अपुरं वाटत नाही.

जयंत_सेरंगून

नव्वदच्या दशकात आलो, तेव्हापासून इथेच. केतकीने जो मुद्दा काढला तो आपल्या मंडळींत कोणी काढत नाही, म्हणून लिहितो.

इथल्या जुन्या तमिळ समाजाने बंदरावर, रबराच्या मळ्यांत, रस्त्यांवर कष्ट केले. त्या कष्टांमुळे ‘इंडियन’ या रकान्याला इथे मान आहे. आपण नंतर आयटी आणि बँकांत आलो, पूर्व किनाऱ्यावरच्या तरणतलाववाल्या सोसायट्यांत राहिलो, मुलं आंतरराष्ट्रीय शाळेत घातली. जुन्यांशी आपलं नातं काय? आपल्यातले कित्येक लिटल इंडियात भाजी आणायला जातात आणि तिथल्या लोकांबद्दल जे बोलतात ते इथे लिहिण्यासारखं नाही. २००५ साली भारत आणि सिंगापूरचा व्यापार करार झाला, सीईसीए. पुढे नोकऱ्यांवरून लोकांचा सगळा राग त्या करारावर निघाला, आणि तो राग भोगावा लागला कोणाला? बसमध्ये, ट्रेनमध्ये ‘परत जा’ ऐकावं लागलं ते चार पिढ्या इथे असलेल्या तमिळांनाही. चेहऱ्यावरून नवा-जुना कळत नाही.

रकान्याची एक बाजू कोणी सांगितली नाही. इंडियन म्हणून नोंद असलेल्या प्रत्येकाच्या पगारातून दर महिन्याला थोडे पैसे सिंडा या संस्थेसाठी कापले जातात. १९९१ ची संस्था. गरीब इंडियन घरांतल्या मुलांच्या शिकवण्या, कुटुंबांना मदत, ही तिची कामं. मलय-मुस्लिमांसाठी मेंदाकी, चिन्यांसाठी वेगळी संस्था. नको असेल तर अर्ज करून कपात थांबवता येते. आपल्यातल्या काहींनी थांबवली आहे, ‘आमच्या मुलांना काय उपयोग’ म्हणून. मी तिथे शनिवारी गणित शिकवायला जायचो. माझ्याकडे येणारी बहुतेक मुलं तमिळ होती, आणि त्यांच्या आया मला ‘सर’ म्हणून जो आदर द्यायच्या त्याला मी आजवर काही मोल देऊ शकलेलो नाही. मीनल म्हणते तसं कर्तव्य सैन्यातच असतं असं नाही. प्रसन्न यांच्या म्हाताऱ्या-अपंगांच्या प्रश्नाला माझं हे उत्तर.

वैदेही_ली

माझे यजमान चिनी, मी डोंबिवलीची. सगळे मराठी-तमिळ-हिंदीबद्दल बोलत आहेत, म्हणून दुसऱ्या बाजूचं सांगते. चिनी रकान्यातही सगळं आलबेल नाही.

यजमानांच्या आजी होक्कियन ही चिनी बोली बोलायच्या. फक्त होक्कियन. १९७९ मध्ये सरकारने ‘मँडरिन बोला’ मोहीम काढली. रेडिओ-टीव्हीवरून होक्कियन, कँटनीज, तेओच्यू कार्यक्रम हळूहळू गेले. सगळे चिनी एका भाषेत आले पाहिजेत, असा हेतू. यजमान शाळेत मँडरिन शिकले, घरी इंग्रजी. आजी शेवटची आजारी असताना माझी मुलगी पलंगाशी बसायची. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. आजी तिच्या हातात संत्रं द्यायच्या, ती सोलून अर्धं त्यांना द्यायची, असा त्यांचा संवाद. मलय रकान्यातही जावाहून आलेले, बावेआन बेटावरचे, बुगिस, सगळे एकत्र घातले आहेत. म्हणजे मीनलची मराठी जशी दिसेनाशी झाली तशी होक्कियनही झाली. बहुसंख्य असून झाली.

२०११ पासून जोडवंश लिहिता येतो. मुलीच्या कार्डावर ‘इंडियन-चायनीज’ आहे. घराच्या मर्यादेसाठी मात्र पहिलाच भाग धरतात. त्यामुळे कुठला पहिला लिहायचा यावर आमच्या घरी जी चर्चा झाली तिच्यात प्रेम कमी आणि पुढे घर विकताना काय सोयीचं पडेल हे जास्त होतं. मला ते फार लागलं. मुलीला विचाराल तर ती म्हणते दोन्ही लिहिलंय ना, मग झालं. सासरी चिनी नववर्षाच्या आदल्या रात्रीचं जेवण आणि माझ्याकडे गुढी, दोन्हीसाठी ती शाळेतून लवकर घरी येते.

कास्काव्हेल_मॉरिशस

नमस्कार. मी मॉरिशसचा. माझे पूर्वज रत्नागिरीकडून आले. १८३४ पासून भारतातून करारावर मजूर इथे ऊस तोडायला आणले, साधारण साडेचार लाख माणसं. बहुतेक बिहारकडची. मराठी थोडे. पोर्ट लुईला जिथे ती उतरली तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा आहे. आमच्या घरात क्रेओल बोलतात. मराठी मी शाळेत शिकलो, इथे सरकारी शाळेत पूर्वजांची भाषा म्हणून मराठी शिकता येते. मीनलताईंच्या मुलाला ते मिळालं नाही हे वाचून आश्चर्य वाटलं. समुद्र ओलांडून दोनशे वर्षं होत आली तरी आम्हाला मिळतं.

आमच्याकडे रकान्यांची गोष्ट उलटी झाली. १९६८ च्या घटनेत चार समाज आहेत, हिंदू, मुस्लिम, चिनी-मॉरिशियन, आणि उरलेले सगळे ‘जनरल पॉप्युलेशन’. निवडणुकीला उभं राहायचं तर उमेदवाराने स्वतःचा समाज जाहीर करायचा. मग ज्या समाजाला कमी प्रतिनिधित्व मिळालं त्याच्या हरलेल्यांपैकी सर्वांत चांगल्या उमेदवारांना जास्तीच्या जागा, जास्तीत जास्त आठ. हेतू चांगला होता, स्वातंत्र्याआधी इथेही दंगल झाली होती. पण जनगणनेत समाज विचारणं १९७२ नंतर बंद झालं. म्हणजे आजही जागावाटप होतं ते त्या जुन्या आकड्यांवर. काही तरुणांनी समाज जाहीर करायला नकार दिला, त्यांचे अर्ज फेटाळले गेले. प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीपर्यंत गेलं आणि २०१२ मध्ये समितीने त्यांच्या बाजूने मत दिलं.

मला विचाराल तर रकाना एकदा राजकारण्याच्या हातात गेला की तो सोडत नाही. प्रत्येक पक्ष मोजून तिकीट देतो, अमुक जातीचे इतके, तमिळ इतके, मराठी एक. आम्हालाही तो ‘एक’ मिळाला की आनंद होतो, हे मान्य केलं पाहिजे. मात्र गणेश चतुर्थीला सगळ्या देशाला सुट्टी असते, समुद्रावर विसर्जनाला आमच्या झाकरीच्या नाचात शेजारची क्रेओल मुलं उतरतात, ढोलकी त्यांच्या हातातही असते. त्यांच्या सेगा या नाचगाण्यातला ताल आणि आमचा ताल मिळतो. तिथे कोणी कोणाला समाज विचारत नाही.

प्रसन्न_कोथरूड

मॉरिशसच्या दादांचा प्रतिसाद वाचून बरं वाटलं. माझा मुद्दा त्यांनी माझ्यापेक्षा चांगला मांडला. जयंतराव, तुमचंही पटलं. केतकी, मला वाईट नाही वाटलं बाळा. थोडं वाटलं, पण ते माझं मी बघेन. तुझ्या घरमालकिणीचं जे झालं त्यावर एक विचारतो: रकाने ठेवून इतकी वर्षं एकत्र राहूनही असं होत असेल, तर त्या रकान्यांनी नक्की साधलं काय?

केतकी_टॅम्पिनीस

काका, ती बाई रकान्यांत वाढलेली नव्हती ना. ज्यांच्या मजल्यावर मी वाढले त्यांनी मला असं कधी विचारलं नाही. आमच्या शेजारच्या चिनी आजी आईला विचारून आमच्या दारात त्यांची कढीपत्त्याची कुंडी ठेवायच्या, कारण आमच्याकडे ऊन यायचं. पान लागलं की दोघी तोडायच्या.

अनिकेत_पुंगोल

माझा प्रश्न व्यवहाराचा आहे. आम्ही पीआर, मुलगा अकरा वर्षांचा. आमच्यामुळे मुलालाही पीआर मिळालेला आहे, आणि अशा मुलाला अठराव्या वर्षी दोन वर्षं सैन्यात जावं लागतं. बायको म्हणते मुलाचा पीआर आत्ताच सोडू, दोन वर्षं वाया जातील, त्याच्या मित्रांचं तोवर कॉलेज होईल. ऑफिसातल्या दोघा-तिघांनी तसंच केलं. मला ठरवता येत नाहीये. मीनलताई, तुम्ही काय म्हणाल?

मीनल_जुरॉंग

सगळ्यांचे प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचले. उशिरा उत्तर देतेय, मुलगा सुट्टीवर घरी होता.

प्रसन्नदादा, पासपोर्टचं विचारलंत. तुटलं. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, सिंगापूरही देत नाही, त्यामुळे एकच निवडावं लागतं. आता ओसीआयवर, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांच्या कार्डावर, भारतात येते, रांगेत उभी राहते, मतदान करता येत नाही. ते दुःख मी नाकारत नाही. पण जिथे मुलगा बंदूक घेऊन उभा आहे तिथे मी पाहुणी म्हणून राहिले असते तर ते मला त्याहून जड गेलं असतं.

कास्काव्हेलदादा, तुमच्याकडचं वाचून एक गोष्ट माझ्यासाठी स्पष्ट झाली. रकाना घरांच्या वाटपासाठी वापरला तर माणसं शेजारी येतात, मतांच्या वाटपासाठी वापरला तर प्रत्येकाला आपला वाटा मोजायची सवय लागते. आमच्याकडेही दोन्ही आहे, १९८८ पासून अनेक मतदारसंघांत गटाने उभं राहावं लागतं आणि गटात एक अल्पसंख्य असावाच लागतो. २०१७ मध्ये राष्ट्राध्यक्षपद फक्त मलय उमेदवारांसाठी राखलं तेव्हा मलय शेजारीण आजींनाच ते आवडलं नव्हतं, न लढता मिळालेलं पद म्हणून. सहा वर्षांनी त्याच पदासाठी तमिळ वंशाचे थर्मन षण्मुगरत्नम खुल्या निवडणुकीत ७०.४ टक्के मतांनी निवडून आले. त्या रात्री त्या आजी माझ्या दारात आल्या होत्या, मला म्हणाल्या, बघ, राखून ठेवावं लागलं नाही. मला विचाराल तर घरांची मर्यादा ठेवा, तिचा तोटा सरकारने भरून द्या, आणि कार्डावरून वंश काढून टाका. सरकारला लागेल ती नोंद त्याच्याकडे आहेच.

भाषेबद्दल: वैदेही, होक्कियन आजींचं वाचून माझा राग कमी झाला असं म्हणणार नाही, पण आता तो फक्त मराठीसाठी राहिला नाही. आम्ही काही जणी मिळून रविवारी मुलांना मराठी वाचायला शिकवतोय. केतकी, तू येशील का शिकवायला? तुला जे टाइप करायला वेळ लागला ते त्या मुलांना तुझ्याकडून जास्त चांगलं समजेल.

अनिकेत, तुमच्या मुलाचा निर्णय तुमचा आहे. मी काय म्हणते ते सांगते. पीआर सोडला तर पुढे त्याला इथे शिकायला, काम करायला परत यायचं असेल तेव्हा ते विचारात घेतलं जातं, हे सरकारने स्पष्ट सांगितलेलं आहे, म्हणून ते आधी नीट चौकशी करून बघा. पण त्यापेक्षा महत्त्वाचं हे की मुलगा इथल्या शाळेत, इथल्या मुलांबरोबर, इथल्या खर्चात शिकणार आहे. त्याच्या वर्गातले सगळे मुलगे अठराव्या वर्षी तेकोंगला जातील. तो त्या वर्षी विमानात बसला तर त्यांच्यापैकी एकही त्याला काही बोलणार नाही, आणि पुन्हा त्याच्याशी पहिल्यासारखं बोलणारही नाही. सोडायचं असेल तर आत्ता सोडा, आणि मग इथल्या सवलतींवर त्याला वाढवू नका. राहायचं असेल तर आजपासूनच त्याच्यासमोर ‘दोन वर्षं वाया’ हे शब्द काढू नका. सेवा सुरू होण्याआधी पोहणं आणि पळणं जमलं तर फार फायदा होतो, पुंगोलला पाण्याच्या कडेने चांगला मार्ग आहे, माझा मुलगा तिथेच पळायचा. त्याच्याशी बोलायचं असेल तर निरोप करा, पुढच्या सुट्टीत भेट घालून देते.